येते हं

हे खरं घडलेलं आहे. इथे गोष्ट टाकणारे सगळेच असं म्हणतात, मीही वाचतो आणि मीही हसतो. पण ही माझ्या सख्ख्या मावशीची गोष्ट आहे. ती आजही पुण्यात, कोथरूडला राहते. नावं बदललेली नाहीत. तीच म्हणाली, नको बदलूस, कोणाला तरी उपयोग होईल.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या नाही, पिंपळ नाही. भर दुपार. जून महिना. ओमानमधलं सहम नावाचं गाव. गेटच्या कडीला हात लावला तर चटका बसेल असं ऊन.

आधी मावशीबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

श्यामला मावशी शाळेत मराठी शिकवायची. राजीव काका बँकेत होते. मूलबाळ नाही, त्यामुळे तिचं सगळं मास्तरपण माझ्या वाट्याला. लहानपणी एकदा तिच्याकडून निघताना मी "मावशी, जातो" म्हणालो, तर तिने दारातून आत ओढून माझा कान पिरगाळला.

"जातो नाही म्हणायचं. येतो म्हणायचं. परत यायचंय ना तुला?"

"येतो" म्हणालो तेव्हा कुठे कान सुटला. तुमच्याही घरात हेच असेल म्हणा.

रिटायर झाल्यावर दोघांना फिरण्याचं वेड लागलं. पण टूरवाल्यांबरोबर नाही. एकसारख्या टोप्या घालून झेंड्यामागे पळायचं माझं वय नाही, असं काका म्हणायचे. ते लोकांची घरं सांभाळायचे. मालक सुट्टीला गेला की त्याच्या घरात महिनाभर राहायचं, झाडांना पाणी घालायचं, मांजराला खायला द्यायचं. भाडं नाही, घाई नाही. पोर्तुगालमध्ये एका म्हातारीचा लंगडा कुत्रा सांभाळून आले, तर वर्षभर आम्ही त्या कुत्र्याचं कौतुक ऐकत होतो.

मग हे सहमचं घर आलं. देविका म्हणजे मावशीच्या मैत्रिणीची मुलगी. तिचा नवरा अंबरीश जवळच्या सोहार शहरात इंजिनीअर. ते लेकीला घेऊन सुट्टीत भारतात येणार होते. घरात एक मांजर, कुंडीत तुळस, आणि तिकडे उन्हाळ्यात घर बंद ठेवता येत नाही. एसी बंद राहिला तर भिंतींना बुरशी धरते.

"मावशी, तुम्ही दोघं राहायला याल का?" देविकाने विचारलं.

"येतो की," मावशी म्हणाली.

घर बैठं, पांढरं, ऐसपैस. मागे खजुराची बाग, समोर रस्ता, रस्त्यापलीकडे एकच घर. त्या घरात रत्नागिरीकडची बिलकीस राहायची. तिच्या नवऱ्याचं, हुसेनचं, बाजारात पडद्यांचं दुकान होतं.

देविकाने सगळं घर दाखवलं. शेवटच्या खोलीला मात्र कुलूप होतं.

"ही मजलिस, पाहुण्यांची बैठक. बाहेरूनही वेगळं दार आहे तिला. अर्बाबचं, म्हणजे मालकाचं सामान आहे आत. आम्ही कधी उघडली नाही."

दुसऱ्या दिवशी ते निघाले. त्यांची वल्लरी गाडीतून ओरडली, "बाय, हाउस!" देविकाही "बाय मावशी" म्हणून मोकळी झाली. मावशीचं तोंड कडू झालं. मराठी घर, आणि बाय काय मेलं!

पण हे 'बाय' लक्षात ठेवा.

पहिले काही दिवस मजेत गेले. दुपारी जेवणं झाली की काका आडवे व्हायचे आणि मावशी समोर बिलकीसकडे सांदण शिकायला जायची. त्या वेळी सगळं सहम झोपलेलं असतं. दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रं नाही. साडेतीनच्या सुमाराची अजान झाली, की चारच्या पुढे पुन्हा शटर वर होतात.

अशाच एका दुपारी तिने चपला घातल्या आणि दार ओढताना सवयीने म्हणाली, "येते हं."

एसीची घरघर थांबली.

आणि आतून...

"कधी?"

आवाज बारीक होता. काका झोपेत बोलले असतील असं तिला वाटलं.

"अजान व्हायच्या आत," ती म्हणाली.

घरघर पुन्हा सुरू झाली.

ती वेळेत परत आली. काकांना विचारलं तर म्हणाले, "मी कशाला विचारू? मी तर घोरत होतो."

दोघं हसले. विषय संपला.

पण दोन दिवसांनी काका तिच्याबरोबरच निघाले होते. तिच्या पुढे, गेटपाशी उभे होते. घरात कोणीही नव्हतं. तिने दाराला किल्ली लावली, आणि जीभ वळलीच. "येते हं."

घरघर थांबली...

"कधी?"

मावशी म्हणते, "अरे, भीती नंतर वाटली. आधी तोंडातून उत्तर गेलं. कोणी विचारलं की आपण सांगतोच ना? म्हटलं, अजानच्या आत."

त्या दिवशी सांदण घशाखाली उतरलं नाही. अजानच्या बऱ्याच आधी काकांना ओढत घरी आणलं. घर जसंच्या तसं होतं. फक्त मांजर सोफ्याखाली दडून बसलं होतं, बाहेर यायला तयार नव्हतं.

"ऊन लागलंय तुला. ताक पी," काका म्हणाले.

बिलकीसच्या खिडकीतून हे घर दिसतं, दारातलं बोलणंही ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी तिने पातेल्यावर झाकण ठेवता ठेवता विचारलं, "वहिनी, काल भावजी तर बाहेर होते. मग तुमी कोनाला सांगत होता, येते म्हनून?"

"सवय गं."

"सोडा ती सवय. या घरापुरती तरी सोडा."

"का गं?"

बिलकीसने गॅस बारीक केला आणि पडद्याच्या कापडाचं काहीतरी बोलायला लागली.

मावशीने मनाशी ठरवलं, आता तोंड उघडायचं नाही. ठरवणं सोपं असतं हो. साठ वर्षांची जीभ ती, ऐकते थोडीच?

त्याच आठवड्यात काका आजारी पडले. सकाळपासून उलट्या, अंगात ताप, ओठ कोरडे पडलेले. दुपारी तर उठून बसायचं त्राण नव्हतं. हुसेनभाई जेवायला घरी आले होते. ते म्हणाले, "चला वहिनी, मी नेतो बाजारात. औषधाचं दुकान चालू असतं."

काकांना उठायला लागू नये म्हणून मावशी बाहेरून कुलूप लावणार होती. डोक्यात फक्त काका. पाय उंबऱ्याबाहेर...

"येते हं."

"कधी?"

या वेळी तिला शंकाही आली नाही. आत नवरा आजारी पडलाय, तो नाही विचारणार तर कोण?

"अजान व्हायच्या आत येते. पडून राहा," ती म्हणाली आणि कुलूप लावलं.

एसी बंद पडला होता का? तिला आठवत नाही. तिने ऐकलंच नाही.

पहिल्या दुकानात औषध नव्हतं. दुसऱ्यात होतं, पण तो म्हणाला डॉक्टरची चिठ्ठी लागेल. दवाखान्यात गर्दी. चिठ्ठी घेऊन ती पुन्हा काउंटरपाशी आली, पिशवी हातात घेतली, आणि समोरच्या मशिदीत अजान सुरू झाली.

 तिने घाईघाईने फोन लावला.

"अहो, मला जरा उशीर होतोय..."

काका हसले. अशक्त, पण हसले.

"अगं, इथे शेजारी बसून फोन काय करतेस?"

"शेजारी?"

"मग काय! आल्यापासून खुर्चीत बसून आहेस, आणि..."



मावशी सांगते, फोनमध्ये एसीचा आवाज नव्हता. काहीच आवाज नव्हता. नुसता काकांचा श्वास.

"अहो, ऐका. मी बाजारात आहे. हुसेनभाई आहेत माझ्याबरोबर."



मग काका अगदी हळू म्हणाले, "बरं."

आणि फोन कट झाला. पुन्हा लागलाच नाही.

"यल्ला हुसेनभाई, यल्ला!" मावशी ओरडली. हा तिकडचा 'चला, लवकर' तिने आयुष्यात कधी तोंडात घेतला नव्हता. दुकानं उघडायची वेळ, त्यामुळे चौकात गाड्यांची रांग लागलेली. पुढे गवताचा ट्रक. तो हलेना. ती औषधाची पिशवी छातीशी धरून बसली होती, तिच्या हातात करण्यासारखं काहीही नव्हतं. ती म्हणते, "सलील, बाहेरून कुलूप मीच लावलं होतं रे. त्यांना बाहेर पडता येणार नव्हतं."

घराचं कुलूप जसंच्या तसं होतं.

ती धावत आत गेली. काका पलंगाच्या कडेला बसले होते. त्यांच्या समोर खुर्ची होती, पलंगाला अगदी खेटून. टेबलावर पाण्याचा पेला, काठोकाठ भरलेला.

काका तिच्याकडे बघत राहिले. डोळे मिटेनात.

"श्यामला, पाणी पी."

"आधी तुम्ही औषध..."

"नाही. तू पी. माझ्यासमोर पी."

तिने तो पेला उचलला आणि सगळा रिकामा केला. आणि बँकेत उभी हयात काढलेला तो माणूस लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

मग कळलं. अजान सुरू झाली तशी दारात किल्ली फिरल्याचा आवाज आला. मावशीचीच पावलं. मावशीचाच खोकला. काका म्हणाले, आलीस? ती म्हणाली, हो. खुर्ची ओढून बसली. औषध आणलंस? हो. उन्हातून आलीस, पाणी पी. नको. चेहरा नीट दिसत नव्हता, पडदे ओढलेले होते. पण साडी तीच होती, निळी.

"तुझा फोन ठेवला ना," काका म्हणाले, "तेव्हा ती जवळ वाकली. म्हणाली, ती कधी येते?"

काकांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा खुर्ची रिकामी होती, आणि पलीकडे मजलिसचं दार लागल्याचा आवाज आला.

हुसेनभाईंनी जाऊन पाहिलं. मजलिसच्या कुलपावर कोळ्याचं जाळं होतं. त्यांनी दारावर हात ठेवला आणि लगेच मागे घेतला. आत एसी नाही, बाहेर भिंती तापलेल्या, आणि ते दार फ्रीजच्या दारासारखं गार होतं.

संध्याकाळी बिलकीस पेज घेऊन आली, पण उंबऱ्याच्या आत आली नाही. दारातच बोलली.

"मला पन सगळं ठाव नाय, वहिनी. देविकाच्या आधी इथं मलबारी होते. ते पन निघताना त्यांच्या बोलीत तसंच बोलतात, जाऊन येतो म्हनून. त्यांची बाई सुट्टीला केरळात गेली. आनि सुट्टी संपायच्या दिवशी मला ती इथं, मजलिसच्या पायरीवर बसलेली दिसली. मी सलाम केला. तिने मान पन वर केली नाय. मागून कळलं, त्यांनी तिकीट पुढं ढकललं होतं. ती तेव्हा केरळातच होती."

"मग पुढे?"

"नवरा एकदा सामान न्यायला आला. म्हनाला, बाईचं जेवनपानी सुटलंय, बोलत नाय." बिलकीसने पदर सावरला. "आमी खुदा हाफिज म्हनतो. त्यात परत यायची कबुली नाय, वहिनी. तुमच्या येते मधे कबुली आहे."

मावशीला तेव्हा वल्लरीचं 'बाय, हाउस' आठवलं. मराठीच्या बाईंना आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीचा हेवा वाटला.

तुम्ही म्हणाल, पळून का नाही आले? काकांना चार पावलं चालवत नव्हतं. आणि देविकाला शब्द दिला होता. त्यानंतर मात्र मावशी घराबाहेर पडताना ओठ दाताखाली धरायची. कोणी काही विचारलं नाही. एसी कधी थांबला नाही. तिला वाटलं, सुटलो.

देविका परत आली. निघायचा दिवस उजाडला. हुसेनभाई विमानतळावर सोडणार होते. मावशी गाडीत जाऊन बसली. देविका डिकीत बॅग लावून घेत होती, अंबरीश गेटपाशी, वल्लरी मांजराला कडेवर घेऊन अंगणात. काका चष्मा राहिला म्हणून आत गेले होते. बरे झाले होते, खुशीत होते, मावशीने बजावलेलं विसरले होते. बाहेर आले, दारात वळले आणि...

"बरंय, येतो हं!"

मावशीने ओठांवरूनच ते ओळखलं आणि ती गाडीतून किंचाळली, पण काच वर होती.

तिला आतला आवाज ऐकू आला नाही. तिने फक्त काकांना मान तिरकी करून ऐकताना पाहिलं. मग काका हसून म्हणाले, "दिवाळीला येतो की!"

विमानात बसल्यावर कुठे तिला विचारायचा धीर झाला, "कोणाला म्हणालात?"

"देविकाला. आतून विचारलं ना तिने, कधी म्हणून."

"देविका माझ्या मागे होती. डिकीपाशी."

काकांचा चेहरा उतरला. मस्कतपासून पुण्यापर्यंत दोघं एकमेकांचा हात धरून बसले होते.

पुढचे महिने मावशीने काय नाही केलं? देवापुढे नाक घासलं. बिलकीसला फोन केला, शब्द परत कसा घ्यायचा ते विचारलं. ती म्हणाली, "दिलेली कबुली परत कशी घेनार, वहिनी? अल्लाचं नाव घ्या, तुमच्या देवाचं घ्या." काका थट्टेवारी न्यायचे. "दिवाळीत मला घराबाहेर सोडू नकोस म्हणजे झालं. फटाके आणायचे वाचले."

तिने खरंच सोडलं नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली मंगळसूत्राला अडकवली. काकांनी अभ्यंगस्नान केलं, चकल्या खाल्ल्या, वरून दोन पेले पाणी प्यायले. ते तिने मोजले होते. जेवण झाल्यावर म्हणाले, "जरा पडतो." ती खोलीच्या दारात स्टूल टाकून बसली.

दुपारी फोन वाजला. देविका होती. आवाजात नुसता आनंद.

"मावशी! काय हे सरप्राइज? सांगायचं नाही का? काका मजलिसच्या पायरीवर बसलेत. आत या म्हटलं तर नुसते हो म्हणाले. तू कुठे आहेस?"

मावशीच्या मागे फ्रीजची घरघर थांबली.

तिने खोलीत पाहिलं. काका पलंगावर उठून बसले होते. पाठ तिच्याकडे.

"अहो..."

"हो."

"पाणी देऊ?"

"नको."

फोनवर देविका म्हणत होती, "अगं, आता दिसत नाहीयेत. आत्ता तर इथे होते..."

त्या दिवसापासून काका असेच आहेत. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. वयाचं आहे म्हणाले, मन खचलंय म्हणाले. औषधं दिली. मावशी रोज त्यांच्या उशाशी तांब्या भरून ठेवते आणि रोज सकाळी तसाच भरलेला उचलते. तिच्या मते खरा तो माणूस तिथे सहमला, मजलिसच्या पायरीवर बसलाय, आणि इथे जे आहे त्याला ती रोज जेवायला वाढते. ताट तसंच परत येतं. तरी ती वाढते. "त्यांचा चेहरा आहे रे," म्हणते. "चेहऱ्याला उपाशी कसं ठेवू?"

मला हे खोटं वाटत होतं. मावशीच्याच डोक्यावर परिणाम झालाय, असं मी माझ्या बायकोला बोलूनही दाखवलं होतं. म्हणून गेल्या महिन्यात एका दुपारी भेटायला गेलो. काका खुर्चीत बसले होते. मी तासभर बडबडलो, ते हो आणि नको म्हणत होते. मी उठलो, बूट घातले, दार उघडलं.

"मावशी, येतो हं."

स्वयंपाकघरातला फ्रीज थांबला...

"कधी?"

काका माझ्याकडे बघत नव्हते. आवाज त्यांचा नव्हता. बारीक होता.

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, खोटं कशाला सांगू? रविवारी, असं म्हणणारच होतो. तेवढ्यात मावशीने माझ्या तोंडावर हात दाबला. तिने मला जिन्यापर्यंत ढकलत नेलं. 

"जातो म्हण," ती कुजबुजली.

"मावशी, अगं..."

"जातो म्हण, सलील. पाया पडते तुझ्या."

मी म्हणालो. "जातो, मावशी."

जिने मला ते कधी म्हणू दिलं नाही, ती माझी मावशी तिथे जिन्यात मान हलवत, डोळे पुसत उभी होती. मग आत गेली आणि दार लावून घेतलं.

रोज फोन करतो तिला. ये म्हणत नाही. मीही येतो म्हणत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा दिवाळी आहे, आणि ती तिथे एकटी आहे, त्याच्याबरोबर. मला तिच्याकडे जायचंय. खूप जायचंय.

पण त्या दारात मी 'येतो' नाही, 'जातो' म्हणून बसलोय. आता मी परत कसा जाऊ?